कचेरींतील ज्ञानाचें वतन

“सरकारी काम आणि सहा महिने थांब” ही म्हण आमच्या शेतकरीवर्गाच्या तोंडीं इतकी रुळली आहे कीं तिच्यांत तक्रारीचा सूरहि आतां फारसा उरलेला नाहीं. पावसाळ्यांत चिखल व्हावयाचाच, तसा कचेरींत विलंब व्हावयाचाच, असें लोक धरून चालतात. या विलंबाचें कारण विचारलें तर कामचुकारपणा आणि चिरीमिरी हीं दोन उत्तरें ठरलेलीं असतात. तीं खोटीं नाहींत. परंतु तिसरें एक कारण आहे, ज्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं, आणि आमच्या मतें तें या दोहोंइतकेंच घातक आहे. एका कारकुनास जें ठाऊक असतें तें शेजारच्या मेजावरील कारकुनास ठाऊक नसतें. पहिल्यास तें सांगण्याची इच्छा नसते आणि दुसऱ्यास विचारण्याचा धीर होत नाहीं. कचेरी एक, छप्पर एक, शिक्का एक. पण आंत जितकीं मेजें तितकीं संस्थानें, आणि एका संस्थानची खबर दुसऱ्यास नाहीं!

शिरूर किंवा दौंड तालुक्यांतील एखादी विधवा बाई नवऱ्याच्या मागें सातबारावर आपलें व मुलांचें नांव वारस म्हणून लावून घेण्यास निघाली आहे, अशी वाचकांनीं कल्पना करावी. कायद्यानें मार्ग सरळ आहे. लोक ज्यास तलाठीच म्हणतात त्या गांवच्या अंमलदाराकडे अर्ज द्यावा, वारसांच्या नोंदवहींत नोंद व्हावी, फेरफार पडावा, नोटिशीची मुदत जावी, मंडल अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावी, कीं काम झालें. पण येथें असें निघतें कीं, जमिनीचा जुना सर्व्हे नंबर एकत्रीकरणांत कोणत्या गटांत गेला याचा मेळ बसत नाहीं. १९४७ च्या कायद्यान्वयें जें एकत्रीकरण झालें त्याचे कागद दप्तरांत आहेत. परंतु या गांवचा तक्ता कोणत्या रुमालांत बांधला आहे आणि मागून झालेल्या दुरुस्त्या कोठें सांपडतील, हें एका जुन्या कारकुनासच माहीत. तो रजेवर आहे. तो परत येईपर्यंत बाईच्या मजुरीचे चार दिवस हेलपाट्यांत बुडतात. परत येतो न येतो तोंच त्याची बदली होते. नवा आलेला मनुष्य सचोटीचा आहे, उद्योगी आहे, कोणाचा पैसा शिवत नाहीं. पण त्यास रुमाल ठाऊक नाहीं, आणि कोणास विचारावें हेंहि ठाऊक नाहीं. नांव लागत नाहीं म्हणून पीककर्ज अडतें, आणि पेरणी तर कोणाची वाट पाहत नाहीं. या गोष्टींत चोर कोणीच नाहीं. तरी बाई नागवली गेली आहे.

माहिती एका हातीं कोंडली गेली म्हणजे काय होतें, हा अनुभव या मुलुखास नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि तें लोण पुढें शिरूर, हवेली, इंदापूर या तालुक्यांत व शेजारच्या नगर जिल्ह्यांत पसरलें. लोकांनीं मागितलें काय? आपले कर्जरोखे! ते हातीं आले तेथें त्यांची होळी करून लोक बहुधा परत फिरले. याचें कारण उघड होतें. रोख्यांत काय लिहिलें आहे हें लिहिणाऱ्यास कळत होतें. ज्याच्या अंगठ्यानें तो पुरा झाला होता त्यास तें वाचतां येत नव्हतें. सरकारनें चौकशी-आयोग नेमला आणि १८७९ सालीं दख्खन शेतकरी मदत कायदा केला. शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या निबंधकासमोर लिहिला जावा, पैसे पोंचल्याची पावती मिळावी, अशीं कलमें त्यांत होतीं. विश्वास उडाला होता तो परत आणावयाचा तर माहिती दोन्ही पक्षांसमोर मांडली पाहिजे, ही गोष्ट त्या परक्या सरकारासहि मान्य करणें भाग पडलें.

सावकाराच्या रोख्याची जी कथा तीच थोड्याफार फरकानें गांवच्या दप्तराची. पिढ्यान्‌पिढ्या तें दप्तर कुळकर्ण्याच्या घरीं असे. बाप मुलास तें वाचावयास शिकवी आणि त्या घराबाहेर तें ज्ञान सहसा जात नसे. अक्षरशून्य शेतकऱ्याची लेखणीच्या जोरावर कशी नागवणूक होते हें महात्मा फुले यांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत दाखविलें. पुढें स्वराज्य आलें. १९५० सालीं परगणे व कुळकर्णी वतनें नष्ट करणारा कायदा झाला आणि १ मे १९५१ पासून तीं वतनें संपलीं. दप्तर घरांतून निघून चावडीवर आलें, वंशपरंपरा जाऊन परीक्षा आली, सर्व जातींच्या मुलांस ती जागा खुली झाली. हा पालट लहान नव्हे. परंतु जमिनीचें वतन कायद्यानें खालसा करतां येतें, मनांतलें वतन खालसा करण्यास कायदा पुरा पडत नाहीं. “हें मलाच माहीत आहे, म्हणून माझ्यावांचून कोणाचें चालत नाहीं” ही वृत्ति जेथें जेथें आहे तेथें तेथें कुळकर्ण्याचें वतन अद्यापि चालू आहे असें समजावें, मग त्या खुर्चीवर बसणारा कोणत्याहि जातीचा असो.

येथवर वाचून कोणी कारकुनांस दोष देण्यास सरसावेल, तर त्यानें थोडें थांबावें अशी आमची विनंति आहे. मनुष्य जें ज्ञान लपवितो तें बहुधा भीतीनें लपवितो. आपलें गुपित सर्वांस कळलें तर आपली किंमत काय उरेल, ही पहिली भीति. आपण सांगितलेल्या वाटेनें दुसरा गेला आणि कांहीं चुकलें, तर विभागीय चौकशीच्या कागदावर आपलेंच नांव येईल, ही दुसरी. आणि आपण रात्र जागून जो तोड काढला तो साहेबांपुढें दुसराच कोणी आपला म्हणून मांडील, ही तिसरी. या तिन्ही भीति काल्पनिक नाहींत. प्रत्येकीस कोठें ना कोठें आधार असतो. जेथें प्रश्न विचारणें हें अज्ञानाचें लक्षण समजतात, चूक कबूल करणें म्हणजे आपल्या हातानें आपला कागद रंगविणें ठरतें, आणि शिकविणाऱ्याचें नांव कोठेंहि राहत नाहीं, तेथें शहाणा मनुष्य गप्पच बसणार. त्याच्या गप्प बसण्याबद्दल त्यास एकट्यास जबाबदार धरणें हें न्यायाचें होणार नाहीं. ज्या कचेरींत विश्वास नाहीं तेथें ज्ञान वाटलें जात नाहीं, आणि विश्वास निर्माण करण्याचें काम प्रथम ज्याच्या हातीं अधिकार आहे त्याचें असतें.

आणखी एक गोष्ट बोलून दाखविणें अवश्य आहे, जरी ती कित्येकांस रुचणार नाहीं. कचेरींतील खरें शिक्षण फायलींपेक्षां चहाच्या वेळीं अधिक होतें. कोणत्या प्रकरणांत वरिष्ठ काय विचारतात, कोणता दाखला आधीं जोडावा, कोणता जुना हुकूम अजून चालतो, हें तेथें सहज बोलतां बोलतां कळतें. मग त्या चहास कोण कोणाबरोबर बसतो, हा प्रश्न खासगी राहत नाहीं. आपल्या जातीचा, आपल्या गांवचा, आपल्या संघटनेचा तेवढा जवळ, आणि नवीन आलेली बाई, राखीव जागेवरून आलेला तरुण किंवा दूरच्या जिल्ह्यांतून आलेला उमेदवार मात्र बाहेर, असें जेथें होतें तेथें परीक्षेनें उघडलेलें दार चहाच्या टेबलाशीं पुन्हां बंद होतें. पुढें तोच नवा मनुष्य अडखळला कीं “यांना काम येत नाहीं” असा शेरा मारावयास हीच मंडळी पुढें! शिकवावयाचें नाहीं आणि येत नाहीं म्हणून हिणवावयाचें, हा अन्याय आहे.

विश्वास ही कांहीं आकाशांतून पडणारी वस्तु नव्हे. ती नियमानें व संवयीनें घडवितां येते. याचा पुरावा पाहण्यास दौंडच्या मनुष्यास गांवाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. १८७८ सालीं मनमाडकडील लोहमार्ग दौंडास येऊन मिळाला, तेव्हांपासून हें गांव जंक्शन म्हणून ओळखलें जातें. रेल्वेंत चालकास कितीहि वर्षांचा अनुभव असो, नव्या मार्गावर तो एकदम गाडी घेऊन जात नाहीं. तो मार्ग जाणणाऱ्याबरोबर आधीं प्रवास करतो, कोणता सिग्नल कोठें आहे, चढ-उतार कोठें आहेत, हें पाहून घेतो आणि मग “मला हा मार्ग परिचित आहे” अशी लेखी सही करतो. स्टेशनमास्तराची पाळी बदलते तेव्हां जाणारा वहींत लिहून ठेवतो आणि येणारा तें वाचून सही करतो. दोन ठिकाणच्या कामगारांनीं एकमेकांचें मुखहि पाहिलेलें नसतें. तरी तारेवरून क्रमांक सांगितला व उलट नोंदला गेला कीं त्या शब्दावर शेंकडों उतारूंचा जीव सोपविला जातो. रेल्वेंत सर्व साधुसंतच नोकरीस असतात असें आमचें म्हणणें नाहीं. तेथें न सांगितलेल्या गोष्टीचा परिणाम ताबडतोब व भयंकर दिसतो, म्हणून सांगण्याची शिस्त लागली. महसूल कचेरींत अपघात होतो तो आवाज न करतां. त्यांत डबे उलटत नाहींत, एखादें घर हळूहळू उलटतें. तो दिसत नाहीं म्हणून तो होत नाहीं असें मानावयाचें काय?

खुद्द महसूल खात्यांतहि असे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. शिरूरच्या शेजारच्या नगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, १९८० च्या दशकांत तेथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनीं कचेरीचें दप्तर लावण्याची जी पद्धति घातली ती त्यांच्याच नांवानें राज्यभर प्रसिद्ध झाली. कागदांची वर्गवारी झाली, अभिलेख कोठें सांपडेल हें ठरलें, कोणी काय करावयाचें हें लिहिलें गेलें. मेजावरील कागदांचे सहा गठ्ठे करण्याची रीत तर प्रत्येक कारकुनास ठाऊक आहे. पुढें संगणक आला. सातबारा आणि फेरफार त्यावर चढले. या सुधारणांचें मोल आम्हीं कमी लेखीत नाहीं. परंतु कागद लावणें आणि ज्ञान देणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गठ्ठ्यांत हुकूम असतो. तो हुकूम त्या गांवीं कां लागू पडत नाहीं, हें गठ्ठ्यांत नसतें. संगणक नोंद दाखवितो. ती नोंद कोणत्या गोंधळांतून जन्मली हें तो सांगत नाहीं. जुन्या दप्तरांतील मोडी कागद वाचणारा मनुष्य एकदां निवृत्त झाला कीं ते कागद जागच्या जागीं असून नसल्यासारखे होतात. लेखी ज्ञानाची व्यवस्था आपण लावली. बोलक्या ज्ञानाची अद्याप लावावयाची आहे.

ही गोष्ट एका कचेरीच्या चार भिंतींत संपती तरी एक वेळ चाललें असतें. पण तिचा व्याप मोठा आहे. २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड-जांबूतच्या परिसरांत बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह तीन जीव गेले, आणि संतापलेले लोक रस्त्यावर उतरले. त्या दुःखद प्रसंगाचें खापर कोणा एकावर फोडण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु अशा मुलुखांत माहिती किती हातांत विखुरलेली असते तें पाहावें. जनावराचे ठसे कोठें उमटले हें वनरक्षकास कळतें. कोणता ऊस कधीं तुटणार हें साखर कारखान्याच्या शेतकी खात्यास. रात्रीं पाणी धरावयास शेतकरी कधीं बाहेर पडणार हें विजेच्या पाळ्या ठरविणाऱ्यास. कोणतीं मुलें कोणत्या वाटेनें शाळेस येतात हें शिक्षकास. आणि वस्तीवर एकटें कोण राहतें हें ग्रामपंचायतीच्या शिपायास. पांचांची माहिती एकत्र झाली तर धोक्याचा नकाशा तयार होतो. वेगवेगळी राहिली तर ती कोणाच्याच कामाची नसते. वरिष्ठांच्या बैठका होतात हें खरें. पण ठसे पाहणारा वनरक्षक आणि खांबावर चढणारा वायरमन यांस त्या बैठकींत कोण बोलावतो?

आतां कांहीं आक्षेपांचा विचार करूं. कोणी म्हणेल कीं, सरकारी माहिती गुप्त ठेवणें हा नोकराचा धर्म आहे. आमचें उत्तर असें कीं, या राज्यांत २००२ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला आणि २००५ सालीं केंद्रानेंहि तसा कायदा केला. कचेरीनें आपलीं कार्यपद्धति व नियम आपण होऊन प्रसिद्ध करावे असें त्याचें चौथें कलमच सांगतें. जी माहिती दहा रुपयांच्या अर्जावर वाटेल त्या नागरिकास मिळते ती शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यास मिळूं नये, हा कोठला धर्म? दुसरे म्हणतील कीं, सर्वांना सर्व कळलें म्हणजे जबाबदारी कोणाचीच राहणार नाहीं. त्यांनीं दौंडचें स्टेशन पाहावें. तेथें ज्ञान अनेकांचें असतें आणि सही एकाचीच असते. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. जागा रिकाम्या आहेत, एकेका मनुष्यावर दोघांचें काम आहे, शिकवावयास वेळ कोठून आणावा? जागा भरणें हें सरकारचें कर्तव्य आहे व तें त्यानें टाळूं नये, हें आम्हीं निक्षून सांगतों. तरीहि जेथें माणसें थोडीं तेथें एकाच्या गैरहजेरीनें काम बंद पडणें अधिक महाग पडतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे शिकविण्यांत गेलेला तास हा वांचलेला दिवस आहे, हें पटेल.

मग करावें काय? उपाय साधे आहेत व त्यांस फारसा पैसा लागत नाहीं. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानें सामान्य कार्यकाळ ३ वर्षांचा ठरविला आहे. म्हणजे मनुष्य जाणार हें आधींच ठाऊक असतें. तर मग जाणाऱ्यानें कार्यभार देतांना फायलींच्या यादीसोबत “जें कागदावर नाहीं तें” असें एक टिपण द्यावें, आणि जुना व नवा यांनीं निदान कांहीं दिवस एका मेजावर बसावें, असा दंडक असावा. आठवड्यांतून एक तास प्रत्येक कचेरींत असा ठेवावा कीं, त्यांत एका कर्मचाऱ्यानें आपलें एक अवघड प्रकरण सर्वांपुढें उलगडून सांगावें. त्या तासास तहसीलदारानें स्वतः बसावें आणि पहिल्या दिवशीं आपणांस न सुटलेला प्रश्न स्वतःच मांडावा. वरिष्ठानें “मला हें कळलें नाहीं” असें म्हटल्यावांचून कनिष्ठाची जीभ सुटणार नाहीं. आपण होऊन सांगितलेली चूक आणि दडविलेली चूक यांत शिक्षेच्या वेळीं फरक करावा. ज्यानें दुसऱ्यास शिकविलें त्याचें नांव टिपणावर राहावें आणि त्याच्या गोपनीय अहवालांत त्याची नोंद व्हावी. आणि महसूल, वन, वीज, पाटबंधारे, पोलीस, पंचायत या खात्यांच्या अगदीं खालच्या कामगारांस पंधरवड्यांतून एकदां तालुक्याच्या ठिकाणीं एकत्र बसवावें. साहेबांनीं त्या दिवशीं ऐकण्याचें काम करावें.

कर्मचाऱ्यांच्या संघटनांसहि आमचें सांगणें आहे. वेतन, भत्ते व बदल्या यांसाठीं त्या झगडतात हें योग्यच आहे; पण आपल्या सभासदास प्रामाणिक चुकीबद्दल भरडलें जाऊं नये आणि नव्या सभासदास हात धरून शिकवावें, हीं कामें जर त्यांनीं अंगावर घेतलीं तर लोकांचा त्यांजवरील विश्वास दसपट वाढेल. शेवटीं लोकांनींहि एक संवय सोडावी. “तो अमुक भाऊसाहेब असला तरच काम होतें” असें कौतुकानें म्हणण्यांत आपण त्या भाऊसाहेबांची थोरवी गातों, पण कचेरीची नालस्ती करतों. चांगला नोकर तो, ज्याच्या गैरहजेरींतहि काम अडत नाहीं.

सरकारी नोकरास जें ज्ञान मिळतें तें लोकांच्या पैशानें, लोकांच्या कागदांवर, लोकांचीं कामें करतां करतां मिळतें; तें त्याचें खासगी धन कधींच नव्हतें. महाराष्ट्रानें वतनें खालसा केलीं तेव्हां आकाश कोसळेल असें पुष्कळांस वाटलें होतें. तसें कांहींच झालें नाहीं. हें उरलेलें वतन खालसा करण्यास विधिमंडळाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. शिरूरच्या आणि दौंडच्या कचेरींतील कोणाहि वडील कारकुनानें उद्यां सकाळीं शेजारच्या नव्या मुलास हांक मारून आपला रुमाल त्याच्यापुढें सोडावा, आणि त्याच्या वरिष्ठानें तें पाहून त्याची पाठ थोपटावी. तेवढ्यानें तालुक्यांतील एका तरी विधवेची पेरणी वेळेवर होईल.